मेहकरला माजी सैनिकांचे कान तपासताना

पुण्यातल्या ज्या रुग्णालयात मी कान तपासते, तिथं माजी सैनिकांच्या बहिरेपणावर संशोधन चाललंय. तोफांजवळ नोकरी केलेल्यांचं ऐकणं किती गेलं आणि त्यांना काय मदत करता येईल, हे बघायचं. कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या मराठी गावांत जायला कुणी तयार होईना, म्हणून जानेवारीत मी निघाले.

उदगीरपर्यंत एसटी, तिथून भालकीला कर्नाटकची बस, पुढं बीदर जिल्ह्यातल्या मेहकरला जीप. जीपवाला वीस रुपये घेतो आणि गाडी भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर सकाळी आठच्या आत गाठा. वाटेत मोबाइलवर रोमिंगचा मेसेज आला, सीमा कळली ती तेवढीच. दोन्हीकडं तुरीच्या राशी त्याच, मराठीही तीच, फक्त अधूनमधून कन्नड.

गावातल्या शाळेच्या सामानाच्या खोलीत वाकळा टांगून गावकऱ्यांनी आणि मी तपासणीपुरती शांतता केली. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं दुपारपर्यंत गिरणी बंद ठेवली. पण पहिल्या दिवशी आलेल्या नऊही जणांना "ऐकायला त्रास होतो का?" विचारलं, तर उत्तर एकच, "न्हाई." आणि आमच्या फॉर्मप्रमाणे 'नाही' म्हणणाऱ्याची पुढची तपासणी होत नाही. संध्याकाळी मी हिरमुसून कोरे कागद आवरले.

दुसऱ्या दिवशी तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार माणिकअप्पा आले, सोबत पत्नी काशीबाई. अप्पाही "न्हाई" म्हणाले, तशा काशीबाई पुढं झाल्या.

"त्यांला कामून इचारायलात? मला इचारा. दोन वर्षं झाली, कट्ट्यावर बसायला जात न्हाईत. लोकं म्हणायलेत, पेन्शनीचा माज आलाय."

अप्पा जमिनीकडं बघत होते. "कान गेलाय म्हणलं की तोफेवरून काढतील, असं वाटायचं," ते म्हणाले. "म्हणून कुणाला सांगितलंच न्हाई."

'नाही' म्हणणाऱ्याला तपासू का, हे विचारायला मी पुण्याला फोन लावला. संशोधन चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तपास, आणि कारण लिहून ठेव."

आवाज आला की बटण दाबायचं होतं, पण बारीक आवाजांना अप्पांचं बोट हललंच नाही. ऐकणं कुठं उतरलंय, तो आलेख मी त्यांना दाखवला. मग मी चाचणीपुरतं श्रवणयंत्र त्यांच्या कानात बसवलं. काशीबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "येतंय का ऐकू?"

"येवढ्या मोठ्यानं कामून वरडायलीस?" अप्पा म्हणाले.

दारातली मंडळी हसली, काशीबाईही हसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "सवय लागली." अप्पांनी तेही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी त्या नऊपैकी सात जण बायकोला नाहीतर सुनेला घेऊन परत आले. दुपारी काशीबाईंकडं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. जानेवारीत गेलात तर या शेंगा सोडू नका.

परतताना, यंत्रं मिळावीत म्हणून, बीदरच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात सगळ्यांच्या तपासणीचे कागद पोचवले आणि उरलेला वेळ किल्ल्यात काढला. तीन तास हाताशी ठेवा, आणि पाणी सोबत न्या.

महिन्याभरानं अप्पांना स्वतःचं यंत्र मिळालं. काशीबाई फोनवर म्हणाल्या, "आता रोज कट्ट्यावर जायलेत. घरात सापडतच न्हाईत."

आमच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे: घरच्या माणसाला विचारा. गेल्या आठवड्यात एक निवृत्त सुभेदार माझ्यासमोर ताठ बसून म्हणाले, "मला काही त्रास नाही." मी मान डोलावली, उठले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या सुनेला आत बोलावलं.