न पावलेल्या नवसाचा मेंढा

वाळवंटाकाठच्या तोझर गावातल्या बागांत खजुराच्या झाडांवर चढण्यात लझहरचा जन्म गेला. शेंड्यावर बसूनच तो दुआ मागायचा. तिथून अल्लाह जवळ पडतो म्हणून नव्हे. तिथे मध्ये कोणी बोलत नाही म्हणून.

त्या हिवाळ्यात त्याची बायको मसऊदा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. लझहर नवस बोलला : ही उठली, तर अंगणातला मेंढा कापून गरिबांत वाटीन, स्वतः त्यातला घास खाणार नाही.

मसऊदा पडल्या पडल्या म्हणाली, "मेंढ्याला विचारलंस का?"

ती उठली नाही. शुक्रवारच्या नमाजेनंतर तिला पुरलं. घरी येऊन लझहर सुरीला धार लावायला बसला.

मेव्हणा लारूसी दारात उभा होता. बहीण गेली तशी त्यानं नमाज सोडली होती.

"दाजी, डोकं फिरलं का? ती बरी झाली तर, असं बोलला होतास ना?"

"हो."

"झाली का?"

"नाही."

"मग?"

लझहरनं अंगठ्यावर धार पाहिली. "अल्लाह नाही म्हणाला. का, ते त्याला ठाऊक. आता मी मेंढा मागे ओढला, तर इतके दिवस नुसती घासाघीसच केली म्हणायची."

मशिदीचे शेख तिजानी सांत्वनाला आले होते. त्यांनी सांगितलं, हा नवस तुला लागू नाही. लझहर म्हणाला, "बरं," आणि मेंढा कापला. मशिदीमागच्या गल्लीत घरोघर वाटे गेले.

मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे ताटं आणतात. संध्याकाळी गल्लीतली विधवा सालिहा वाफवलेल्या रव्याची कुसकुस घेऊन आली. वर रस्सा आणि मांडीचा मोठा तुकडा होता. तिच्या घरात त्या दिवशी दुसरं काही नव्हतंच.

लझहरला तुकडा ओळखीचा वाटला. त्यानं सालिहाला दुआ दिली. ती गेल्यावर तो तुकडा लारूसीकडे सरकवला.

"खा ना तूच. नवस लागू नाही म्हणाले ना शेख?"

"मी बोललो होतो, खाणार नाही."

"मग रस्सा कुठला आहे, दाजी?"

लझहरनं रश्शाकडे पाहिलं. मग त्यानं कोरडी कोरडी कुसकुस कडेनं खाल्ली.

लारूसी हसला. हसता हसता त्यानं तुकडा तोंडात घातला आणि चावता चावता रडू लागला. लझहरनं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि नमाजेला उभा राहिला.

नमाज संपली. त्यानं दुआसाठी हात पसरले. कित्येक दिवस एकच गोष्ट मागायची सवय झाली होती. आता तोंडाशी काही येईना.

लारूसीनं भिंतीला टेकूनच विचारलं, "आता काय मागतोयस?"

"काही सुचत नाही."

"मग हात खाली घे."

"असू देत," लझहर म्हणाला. "सुचेल."

थोड्या वेळानं लारूसी उठला आणि नमाजेआधीच्या वुझूसाठी, हातपाय धुवायला पाणी कुठं आहे ते विचारू लागला.