सलोमाची मान आणि ट्रिक्सी घोडी

आमिश म्हणजे जुन्या चालीनं, घोडागाडीवर जगणारे ख्रिस्ती लोक. ते स्वतः मोटार चालवत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला त्यांची ना नसते. त्यावर माझं पोट चालतं. अमेरिकेतल्या ओहायोच्या या टेकड्यांत त्यांना लग्नांना, मयतांना नेण्या-आणण्यात माझी निम्मी हयात गेली. मोटारवाल्या सगळ्यांना ते ‘इंग्रज’ म्हणतात. माझा आजा पोलंडहून आलेला, पण त्यांच्या लेखी मीही इंग्रजच. मी वाद घालत नाही.

त्यांना सगळ्यांत जास्त कुठे नेलं असेल तर वैद्यांकडे. हाडं बसवणारा, तळपाय चोळणारी, डोळ्यांत बघून पोटातलं सांगणारा, पुटपुटत दुखणं उतरवणारी म्हातारी. मोठ्या डॉक्टरकडे जात नाहीत असं नाही, पण आधी बाकी सगळे उंबरे झिजवून मग. प्रत्येकाचा एक वैद्य ठरलेला, आणि आपल्याच वैद्याच्या हाताला गुण आहे यावरून चर्चच्या जेवणात जी जुंपते ती ऐकण्यासारखी असते.

एबची सलोमा मात्र कुठे जायची नाही. या लोकांत नावं तीच तीच, म्हणून बाई नवऱ्याच्या नावानं ओळखली जाते. एब जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती एबचीच. मुलाच्या, ओरीच्या, मोठ्या घराला लागून तिचं दोन खोल्यांचं घर. उंच, हडकुळी, आणि जीभ अशी की समोरचा हसावं की रडावं या विचारात पडावा. जन्मभर गोधडी ताणून धरणाऱ्या चौकटीवर वाकून टाके घातले, त्याची वसुली मानेनं केली. गेली कित्येक वर्षं मान दुखायचीच, मग हळूहळू वळेनाशी झाली. कोणी हाक मारली की सलोमा अख्खी वळायची, कपाटाचं दार उघडावं तशी.

दुखण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती घोडीपायी.

तिची ट्रिक्सी नावाची घोडी होती. आठवड्यातून दोनदा सलोमा तिला बग्गीला जुंपून दोन टेकड्यांपलीकडे धाकट्या बहिणीकडे जायची. मॅटी अंथरुणाला खिळलेली. आमिश बायका जन्मात केस कापत नाहीत, तेव्हा केस गुडघ्यांपर्यंत, आणि मॅटी सलोमाशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही. तिच्या सुनेनं कंगवा उचलला की किंचाळायची. सलोमा विंचरायला बसली की मांजरासारखी गप पडून राहायची.

इकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, डावीकडे वळायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. एकदा परतताना सलोमानं घराच्या वळणावर घोडी डावीकडे घेतली, आणि मागून दुधाचा टँकर येत होता. टँकरवाल्यानं कसाबसा आवरला. ओरी गोठ्याच्या दारातून सगळं बघत होता. धावत आला तो पांढराफटक पडलेला.

“आई, मागे बघितलंस का?”

खोटं बोलणं तिला जमत नाही. म्हणाली, “नाही. मान वळली नाही.”

“मग घोडी विकायची.”

“तुझ्या बापानं घेतलेली घोडी आहे ती.”

“बापानं मला आईसुद्धा एकच ठेवलीय.”

ओरी चुकत नव्हता, हीच तर पंचाईत. त्याच्या चुलतभावाला याच रस्त्यावर मोटारीनं मागून उडवलं होतं, आणि ते शव ओरीनं स्वतः उचललं होतं. तुम्ही म्हणाल, बग्गीला आरसा लावा. प्रत्येक चर्चच्या मंडळीचे नियम वेगळे, शेजारच्या मंडळीत चालतो, यांच्या मंडळीत चालत नाही. बिशपला विचार म्हणून मी सुचवलं, तर सलोमा म्हणाली, “माझ्या एका मानेसाठी अख्ख्या मंडळीचा नियम हलवायचा? मी कोण लागून गेले?”

शेवटी मायलेकांत ठरलं. मक्याची कापणी झाली की घोडेबाजार भरतो. तोवर मान वळली तर घोडी राहील, नाहीतर विकायची. आणि मग सलोमानं कुठे जायचं ते ओरीला विचारायचं, त्याला सवड असेल तेव्हा तो नेईल, नाहीतर मला सांगावा धाडायचा. माझा यात फायदाच होता. तरी मी मनात म्हटलं, देवा, म्हातारीची मान वळू दे. परस्वाधीन झालेल्या बायका मी गाडीत खूप बसवल्यात. त्या खिडकीबाहेर बघत बसतात आणि घरी पोचेपर्यंत बोलत नाहीत.

सलोमानं कंबर कसली. पण तिच्याआधी तिच्या सुनेनं, एर्मानं कसली. या लोकांचं एक साप्ताहिक आहे, गावोगावचे आमिश त्यात पत्रं लिहितात. एर्मानं सासूला न विचारता त्यात दिलं, ‘आमच्या आईची मान वळत नाही. कोणाला उपाय माहीत असल्यास कळवावा.’ बिचारीला वाटलं चार पत्रं येतील.

पोत्यानं आली. पत्रांबरोबर पुडकी. हंसाची चरबी, तांब्याची कडी, उशाला ठेवायचे लोहचुंबक, खिशात बाळगायचा कच्चा बटाटा, घोड्याला लावायचं मलम (‘माणसालाही चालतं, आमचे आजोबा लावत’). टपालवाला दारात गाडी थांबवून म्हणाला, “सलोमा, तुझ्या मानेपायी माझी पाठ गेली!”

आणि त्या लोकांची रीत अशी की कोणी उपाय धाडला की तो करायचा. न करून उपाय नाही, कारण कुठल्यातरी लग्नात तो पाठवणारा भेटतोच आणि विचारतोच. सलोमानं सगळे केले. महिनाभर ती बाई माझ्या गाडीत बसली की गाडीला तबेल्याचा वास यायचा. तळपाय चोळणारीकडे मीच नेलं. मान दुखते आणि चोळायचा पाय! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पण तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. पुटपुटणाऱ्या म्हातारीनं डोक्यावरून हात फिरवला तेव्हा सलोमा डोळे मिटून बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, “मान तशीच आहे. पण कोणीतरी डोक्यावरून हात फिरवून किती वर्षं झाली गं.”

पोत्यातल्या एकाच गोष्टीनं खरा आराम पडला. चेरीच्या बियांची पिशवी, चुलीत गरम करून मानेवर ठेवायची. ठणका कमी व्हायचा. वळायची मात्र नाही.

मग मी तिला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोटो काढले, उजेडात धरून दाखवले. वरचे दोन मणके झिजून एकमेकांना टेकलेले. व्यायाम दिले, शेक चालू ठेवा म्हणाला, आणि शेवटी बोट रोखून बजावलं, “या मानेला कोणालाही झटका देऊ देऊ नका. नस दबली तर हातपाय जातील.”

“व्यायामानं मागे वळेल का?”

“थोडी सुटेल. मागे बघण्याइतकी नाही.”

सलोमा व्यायाम करू लागली. मटार सोलताना, चुलीपुढे, चर्चला जायच्या आधी. हनुवटी आत, खांदे खाली. दात-ओठ खाऊन करायची. मान बोटभर सुटली. इकडे शेतात मका पिवळा पडत चालला होता.

आणि चर्चमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव, अ‍ॅटली. हाडं बसवणाऱ्यांत सगळ्यांत नावाजलेला. अर्ध्या तालुक्याच्या माना त्यानं मोकळ्या केलेल्या. “एक झटका, सलोमा, आणि घुबडासारखी फिरेल!” असं म्हणत बायका तिच्या मागे लागल्या. एक दिवस सांगावा आला, अ‍ॅटलीकडे ने.

“डॉक्टर काय म्हणाला विसरलीस?” मी विचारलं.

“कान शाबूत आहेत माझे.”

“मग?”

“मग काय! घोडेबाजार तोंडावर आलाय. तू गाडी चालव.”

मी चालवली, पण सबंध वाटभर धुसफुसत.

अ‍ॅटलीच्या शेडमध्ये बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. सलोमाचा नंबर आला तशी मीही आत घुसले. माणूस भला, गुबगुबीत, हात पावासारखे मऊ. तिला पालथी निजवून त्यानं पाठ दाबली, मग उताणी केली आणि डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं.

“डॉक्टरकडे गेली होतीस?”

“गेले होते. झटका देऊ देऊ नका म्हणाला.”

अ‍ॅटलीचे हात थबकले. “मग सलोमा, तूच सांग. तुझी मान आहे.”

ती छताकडे बघत पडली होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला वाचता येत होतं. एक झटका, आणि कदाचित घोडी राहील. शेडबाहेर कोणीतरी खोकलं.

“हात काढ, अ‍ॅटली,” ती म्हणाली. “घोडीसाठी हातपाय पणाला लावले, तर लगाम काय दातांनी धरू?”

बाहेर आली तर बाकांवरचे सगळे बघताहेत, मान फिरली का म्हणून. सलोमानं अख्खं अंग फिरवून सगळ्यांना दाखवलं, “फिरली!” आणि तरातरा गाडीत येऊन बसली. बसल्यावर मात्र पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं. “मॅटीला काय सांगू गं,” एवढंच म्हणत राहिली.

मी गाडी काढली. अ‍ॅटलीच्या वाटेच्या तोंडाशी झुडपं माजलीत, रस्ता दिसत नाही. मी देहानं भरभक्कम, वळून बघणं माझ्याही नशिबी नाही. मी नेहमीसारखं गाडीचं तोंड आधी डावीकडे तिरकं केलं, बघितलं, थोडी मागे घेतली, उजवीकडे तिरकं केलं, बघितलं, आणि निघाले.

सलोमाचं रडणं थांबलं. “परत कर.”

“काय परत कर?”

“आत्ता केलंस ते. तू मान नाही वळवलीस, लोरेटा. गाडी वळवलीस.”

रिकाम्या रस्त्यावर तिच्यासाठी मी तीनदा तेच केलं. शेडमधून अ‍ॅटली बघत होता, त्याला वाटलं असेल माझं डोकं फिरलं.

त्या दिवसापासून ओरी शेतावर गेला की सलोमा घोडी जुंपायची. घराच्या डाव्या वळणावर वळायचंच नाही. उजव्या कडेनं पुढे जायचं, समोरच्या योडरच्या अंगणात शिरायचं, तिथे फिरायचं, आणि रस्त्याच्या कडेला घोडी आधी एका अंगाला तिरकी उभी करायची, मग दुसऱ्या. दोन्हीकडचा रस्ता डोळ्यांसमोर. सांगायला सोपं, पण ट्रिक्सी होती जुनी शर्यतीची घोडी, तिला थांबणं ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं योडरचे कोबी तुडवले. सलोमा खाली उतरून कोबी लावून आली आणि पुन्हा लगाम हातात घेतले. योडरची बायको मला म्हणाली, “म्हातारी रोज येते, फिरते, जाते. चहाला म्हणून थांबत नाही!” मान ठणकायची. रात्री चेरीच्या बिया, सकाळी पुन्हा घोडी.

घोडेबाजाराच्या दिवशी ओरीनं मला सांगून ठेवलं होतं, घोडी विकली की मायलेकांना परत आणायला ये. मी सकाळीच त्यांच्या घरी पोचले. ओरी घोडी बग्गीला जुंपून उभा, तोंड पडलेलं. सलोमा आली आणि हाकायच्या जागी चढून बसली.

“आई, सरक.”

“माझी मान वळली नाही, तेव्हा घोडी विक, मी अडवणार नाही. पण तिथवर मी हाकणार. तू शेजारी बस आणि तोंड मिटून ठेव.”

ओरीनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

मी मोटार घेऊन मागे मागे. मोठ्या चौकात तिला डावीकडे जायचं होतं, आणि बाजाराच्या दिवसामुळे ट्रकांची रीघ लागलेली. सलोमा कडेला गेली. घोडी तिरकी उभी राहिली, पुतळ्यासारखी. मग दुसऱ्या अंगाला. ओरीचा हात लगामाकडे गेला. तिनं कोपरानं ढकलला. मागून एक मोटारवाला भोंगा वाजवू लागला, मी खिडकीतून डोकं काढून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. ट्रक गेले, रस्ता मोकळा झाला, तिनं जीभ टाळूला लावून आवाज केला आणि ट्रिक्सी चौक ओलांडून गेली.

पुढे अशी आणखी तीन वळणं. प्रत्येक वळणावर तेच, घाई नाही, गडबड नाही.

बाजाराच्या फाटकाशी बग्गी थांबली. मी शेजारी मोटार लावली. ओरी उतरला, घोडीच्या तोंडाशी जाऊन लगाम धरला. आत बोली सुरू झाली होती, घोड्यांचा न् शेणाचा वास येत होता. सलोमा सरळ पुढे बघत बसली होती, हात मांडीवर, ओठ घट्ट.

ओरी कितीतरी वेळ घोडीच्या कपाळावर हात फिरवत उभा राहिला. मग त्यानं तिचं तोंड रस्त्याकडे वळवलं, बग्गीपाशी आला आणि टोपी हातात घेतली.

“आई, तू आता मॅटी मावशीकडेच निघाली असशील?”

“निघाले तर?”

“वाटेत लाकडाच्या गिरणीवर मला सोडशील का?”

सलोमानं अख्खं अंग फिरवून त्याच्याकडे बघितलं आणि सरकून त्याला जागा करून दिली.