बाजूचा कॅमेरा

आमची ताई फोटोंवरून भिंती मोजायची. नातेवाइकांना वाटायचं ती फोटोग्राफर आहे. लग्नाला बोलावताना वर कॅमेरा आणायलाही सांगायचे.

एका कारखान्यामागे टेकडी अडवून धरणारी उंच भिंत होती. तिच्यावर चार कॅमेऱ्यांची नजर. भिंतीवरची एकच खूण ताई चारही फोटोंत शोधायची आणि संगणकावर प्रत्येक कॅमेऱ्यापासून तिच्याकडे रेघ ओढायची. "रेघा एका ठिकाणी कधीच भेटत नाहीत रे," ती सांगायची. "मग जिथे सगळ्यांची मिळून चूक सर्वांत कमी, ती जागा खरी धरायची." आमच्या घरातली चार माणसं कधी एका वेळी जेवायला बसली नाहीत, तिथे रेघांचं काय घेऊन बसलात!

एकदा चौथ्या कॅमेऱ्याची रेघ हट्टाला पेटली. बाकीचे तीन समोरच्या गच्चीवर शेजारी-शेजारी, हा एकटा बाजूला. त्याच्या मते भिंत चार बोटं पुढे आली होती. ताईने तो दोनदा तपासला. जागचा हलला नव्हता.

"काढून टाका तो," तिचे साहेब म्हणाले. "तिघं एक सांगतायत, एकाचं काय ऐकायचं?"

"साहेब, तिघं एकाच जागेवरून बघतायत. भिंत त्यांच्याच दिशेने झुकली तर त्यांना धड दिसणार नाही. बाजूच्यालाच दिसेल."

"म्हणून कारखाना बंद करू? तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय ना, बाई?"

संध्याकाळी ताईने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अहवालावर सही करून मोकळी हो." घरात कमावणारी ती एकटी, आणि मी नोकरी शोधत होतो, बहुतेक वेळ गादीवर पडून.

सकाळी तिने चौथा कॅमेरा हिशेबातून वगळला. चूक झटकन उतरली, आकडे दृष्ट लागण्यासारखे आले. खाली तिने सही केली.

नवव्या दिवशी भर दुपारी भिंत वेल्डिंगच्या शेडवर कोसळली. दोघं जागीच गेले. चौकशीत साहेबांनी कागद पुढे सरकवला, "सही बाईंची आहे." त्यांना बढती मिळाली, ताईला नारळ.

मी साहेबांना शिव्यांची लाखोली वाहिली. ताईने ती संपू दिली.

"त्याला भिंत कळत नव्हती," ती म्हणाली. "मला कळत होती. आणि तुला मी सांगितलं होतं."