उरलेली तीन मिनिटं

‘‘ए, खाली उतर. जीप बसलीय माजी. स्टेपनी लाव.’’

शेठ हे बोलला तेव्हा माईक माझ्या हातात होता. नगरपालिकेची निवडणूक. पनवेलच्या एका शाळेचा हॉल. वॉर्डातले सगळे उमेदवार एका स्टेजवर बसवलेले. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी एका लहानशा पक्षाचा, शेठ मोठ्या पक्षाचा. माझी दोन मिनिटं झाली होती.

मी माईकमध्येच म्हणालो, ‘‘हो शेठ.’’

हॉलभर ऐकू गेलं. बाहेरच्या कर्ण्यावरून रस्त्यावर गेलं. लोक हसले. मी माईक ठेवला आणि खरंच उतरलो.

त्यानं शिवी दिली नव्हती. हात धरून ओढलं नव्हतं. मी आपल्या पायांनी उतरलो. आजही टोचतं ते हेच.

मी बीडकडचा. सातवीत शाळा सुटली. पनवेलला आलो आणि हायवेच्या कडेला शेठच्या दुकानात पंक्चर काढायला लागलो. शेठ इथलाच. जमीन गेली, मोबदला आला, मग डंपर आले, वीटभट्टी आली. माणूस वाईट नाही. दुकानामागची खोली त्यानं मला दिली. तापानं फणफणलो होतो तर शेठाणीनं चार दिवस पेज पाठवली. माझ्या रेशनकार्डावर पत्ता त्याचा. मतदारयादीत पत्ता त्याचा. गावाकडून आईचं पोस्टकार्ड यायचं, तेही त्याच्याच पत्त्यावर. मग तो काहीही म्हणाला तरी तोंडातून एकच निघायचं. हो शेठ. रात्रंदिवस एकच धास्ती, खोली गेली तर मी कुठला?

निवडणुकीला उभा राहतो म्हणालो तेव्हा तो खदखदून हसला.

‘‘रा न उबा! दोन-चार मतं खाशील कुनाची तरी. मजा येल.’’

त्याबद्दलही मी त्याच्या पाया पडलो.

पक्ष म्हणजे आम्ही सात माणसं. त्यात एक रिटायर झालेले मास्तर. ते म्हणाले, तुला जे दिसतं तेच बोल. म्हणून ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मुद्दे लिहिले. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी बंदराचे कंटेनर गावातून नेऊ नयेत. बाजारात माल उतरवायची वेळ ठरवावी. उमेदवारानं आपण काय करणार ते सही करून नगरपालिकेच्या भिंतीवर लावावं, आणि दरवर्षी तिथंच उभं राहून लोकांपुढं वाचावं. मतदाराला जीपमध्ये घालून नेऊ नये. भट्टीवरच्या कातकऱ्यांची नावं भट्टीवर जाऊन यादीत घ्यावीत, कारण त्यांना आपला पत्ता द्यायला कुणी शेठ नाही.

सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, शेवटचा मुद्दा. जुने टायर भट्टीत जाळू नयेत.

बारीक अक्षरात, कारण भट्टी शेठची. आणि तिथं टायर पोचवणारा मी.

तर मी गेटाशी जीपखाली जॅक लावत होतो. वर कर्ण्यावर शेठचा आवाज.

‘‘हा आमचा पोऱ्या. चांगला हाय. पन म्हनतो ट्रक बंद करा. आरं, ट्रक बंद झाले तर तू पंक्चर कुनाची काडशील? बैलांची?’’

हॉल हसून फुटला. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पोऱ्या. आणि ट्रक बंद करा असं मी म्हणालोच नव्हतो. वेळ ठरवा म्हणालो होतो. पण ते सांगायला वर कोण होतं? मी तर गुडघ्यावर, चिखलात.

चार नट आवळले. पाचवा हातात धरून बसलो. ढिला सोडावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग आवळला. चाक शेठचं असलं तरी रस्ता सगळ्यांचा. जॅक काढला. हात पुसले नाहीत. तसाच आत गेलो, पायऱ्या चढून स्टेजवर.

अध्यक्ष म्हणाले, ‘‘तुमची वेळ संपली.’’

‘‘नाही संपली. दोन मिनिटं बोललोय. तीन उरलीत.’’

माईक कुणी दिला नाही. शेठ म्हणाला, ‘‘आरं जा न, चा पी जा.’’ मास्तरांनी पहिल्या रांगेतून उठून, मी उतरताना टाकून गेलेला पुठ्ठा माझ्या हातात दिला. काळे ठसे उमटले त्यावर. मी खालून वाचायला सुरुवात केली. ओरडून.

‘‘शेठच्या भट्टीत टायर जळतात. मी स्वतः नेऊन टाकतो. विटा रचणाऱ्या बाया तो धूर खातात, त्यांची पोरं काळं थुंकतात. मी बघितलंय आणि गप्प राहिलोय. उद्यापासून मी टायर नेणार नाही.’’

टाळी पडली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘खाल्ल्या घरचे वासे मोजतोय!’’ माणसं उठून जाऊ लागली. मी तीन मिनिटं पुरी केली. शेवटी समोर मास्तर आणि रिकाम्या सतरंज्या.

बाहेर शेठ जीपला टेकून उभा होता. चिडलेला नव्हता. टायरला लाथ मारून बघितलं.

‘‘चाक बराबर लावलंस ना?’’

‘‘हो.’’

पुढचं ‘शेठ’ तोंडातून निघालं नाही. त्यालाही कळलं. 

‘‘खोली खाली कर,’’ म्हणाला. जीप निघून गेली. चाक डगमगलं नाही.

निवडणुकीत पडलो. आता हायवेच्या पलीकडं तिरपाल टाकून बसलोय. भट्टीवर टायर दुसरा कुणी नेतो. कंटेनर अजूनही शाळेच्या वेळीच जातात आणि त्यांच्याच पंक्चरवर माझं पोट चालतं. हा फास सुटलेला नाही. पुढच्या यादीतून माझं नाव कापलं जाईल, तेही माहीत आहे.

पेजेचे उपकार मानतो. मरेपर्यंत मानीन. पण त्या बदल्यात जीभ देणार नाही.

नाव नोंदवायचा नवा अर्ज भरलाय. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, हायवेच्या कडेला, तिरपालाखाली. परत केला तर पुन्हा भरीन. भट्टीवरच्या बायांना बरोबर नेऊन भरीन. पुन्हा उभा राहीन. पाच मिनिटं मिळाली तर पाचही बोलीन.

कुणाची जीप बसली, तर बसू दे.