ओटोबाबांच्या शेजारच्या सीटवर

ठाण्याहून आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. मी जर्मन शिकवते. दुभाषी म्हणून कुणाबरोबर पहिल्यांदाच चालले होते. शेजारी जर्मनीहून आलेले सत्त्याऐंशी वर्षांचे ओटो, एकेकाळचे मोटारशर्यतींचे गडी. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांनी, अजून पडक्याच असलेल्या गावातून दुधाचा ट्रक हाकत ते गाडी शिकले आणि पुढे वीस वर्षं शर्यतींत धावले. त्यांच्या गाडीसारखीच एक जुनी गाडी नाशिकच्या अंबडमधल्या गॅरेजवाल्या भाऊसाहेबांनी खपून उभी केली होती. तिची पहिली फेरी ओटोंच्याच हातून व्हावी, म्हणून हे बोलावणं.

कसारा घाटात आमचा ड्रायव्हर वळणावरच ट्रकला मागे टाकायला निघाला. मी देवाचा धावा सुरू केला. "शर्यतीत तुम्हाला भीती नाही वाटायची?" मी ओटोंना विचारलं.

"दर वेळी वाटायची. शेवटच्या शर्यतीत माझी गाडी प्रेक्षकांत घुसली. एका बाईचा पाय गेला. मग मी शर्यत सोडली."

घोटीला चहाला थांबलो. आजूबाजूला आवणी (भाताची लावणी) चालली होती. भजी झकास होती. ओटोंनी चहासाठी हात पुढे केला, तो ग्लासाच्या वीतभर बाजूने गेला. दुसऱ्यांदाही तसाच. मग हळूच म्हणाले, "समोर मधोमध नुसतं धुकं दिसतं. तिथे सांगू नका. एकदाच ती गाडी चालवायचीय."

मी ग्लास त्यांच्या हातात दिला.

अंबडला गाडीला हार घातलेला, चारही चाकांखाली लिंबं. "मॅडम, बाबांना सांगा, ब्रेक लय कडक हाय," भाऊसाहेब म्हणाले. गॅरेजची सगळी माणसं मोबाईल धरून गाडीच्या पुढ्यातच उभी होती. भाऊसाहेबांची सून लेकीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे.

मी ओटोंच्या शेजारी बसले. सांगायला हवं होतं, पण एवढे खुललेले चेहरे बघून माझी जीभच रेटेना. "जरा बाजूला व्हा ना," एवढंच म्हणाले.

"घाबरता काय, मॅडम! बाबा शर्यती मारलेला माणूस हाय. कुणाला धक्का नाय लागायचा."

इंजिन सुरू झालं. ओटोंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "समोर कुणी आहे?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"बरेच जण. एक लहान मूलही आहे."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "सांगा त्यांना."

"ओटोंना समोरचं दिसत नाही," मी म्हणाले. "ते गाडी चालवू शकत नाहीत."

मोबाईल एकेक करून खाली आले. सुनेने लेकीला छातीशी धरलं आणि ती मागे सरली. भाऊसाहेब खिडकीशी आले, बाहीने डोळे पुसून खेकसले, "मग लिंबं काय तशीच ठिवायची? आधी पुढून हटा समदे, अन् मागून ढकला!"

आठ जणांनी गाडी ढकलली. ओटो स्टिअरिंग धरून होते, मी "डावीकडे, उजवीकडे" सांगत होते. फाटकापर्यंतच गेलो. ओटो लहान मुलासारखे हसत होते.

परतीच्या वाटेवर ते गाढ झोपले. मला काही झोप लागेना. जातानाचा घाट मला भीतीचा वाटला होता. येताना त्याच्याकडे लक्षही गेलं नाही. ओटोंनी विचारलं, म्हणून मी बोलले. विचारलं नसतं, तर मी गप्पच बसले असते. घरी येऊन आठ दिवस झाले, आता मला माझीच भीती वाटते.