निघोज्याचा चर

निघायच्या आदल्या दिवशी आईने माझे सगळे पांढरे सदरे इस्त्री करून बॅगेत भरले. "दोन वर्षं सहज जातील यात," ती म्हणाली. पुण्याजवळच्या थेरगावात महिनाभरातच ते राखाडी झाले. डांगे चौकातली धूळ धुऊन निघत नाही, ती कापडात मुरते. पुढे मी सदऱ्यांचा नाद सोडला. रागाचं तसं झालं नाही. तो अजून धुऊन निघालेला नाही, आणि हे प्रवासवर्णन मी त्याच्यासकट लिहितो आहे.

मी मॉरिशसचा. आमचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यात राबायला गेले आणि तिथलेच झाले. घरात आम्ही क्रेओल बोलतो. मराठी मी शनिवारच्या वर्गात शिकलो. आईवडील माझ्या जन्माआधीच मॉर्मन झाले. हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ आहे, आणि त्यातली तरुण मुलं दोन वर्षं घर सोडून सेवेला जातात. कुठे जायचं हे आपल्या हातात नसतं. माझ्या वाट्याला पुणं आलं तेव्हा वडिलांचे डोळे भरून आले. "आपल्या मुलखात चाललास," ते म्हणाले.

आपल्या मुलखातल्या पहिल्याच माणसाने, म्हणजे टॅक्सीवाल्याने, माझं मराठी ऐकून आरशातून पाहिलं. "तुम्ही कीर्तन करता का, साहेब?"

मी म्हणालो, "नाही. असं का वाटलं?"

"काय राव, 'आपण मला तेथे पोहोचवाल का' असं कोण बोलतं आता!"

थेरगावातल्या खोलीत माझा जोडीदार वाट पाहत होता. एल्डर तामांग, नेपाळचा. आमच्यात सेवेला गेलेल्या मुलाला 'एल्डर' म्हणतात आणि दोघादोघांची जोडी असते. एकाने दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही. सकाळी लवकर उठायचं, धर्मग्रंथ वाचायचा, टाय बांधायचा, छातीवर नावाची काळी पट्टी लावायची. आठवड्यातून एकदा घरी फोन. सिनेमा नाही, मुलींशी मैत्री नाही. तामांग माझ्याहून लहान, पण शांत. तो मला हिंदीत म्हणायचा, "तुझ्या कपाळावरची शीर आधी उठते, मग तू उठतोस."

पट्टीचा अर्थ कुणालाच लागत नसे. भाजीवाल्या बाईंनी ती मोठ्याने वाचली. "एल्डर... म्हणजे वेल्डर का? मग टाय कशाला घालता?" मी समजावायला गेलो, तर तामांगने माझा हात दाबला. रस्त्यावर धर्माबद्दल बोलायचं नाही, कुणी आपणहून विचारलं तरच सांगायचं, असा आम्हाला सक्त नियम होता. विचारणारे फार थोडे. दिवसचे दिवस आम्ही चिंचवडच्या आमच्या सभागृहात खुर्च्या लावत होतो, आजारी सभासदांना डबे पोचवत होतो आणि संध्याकाळी इंग्रजीचा फुकट वर्ग घेत होतो.

आणखी एका नियमाने माझा जीव काढला. आम्ही चहा पीत नाही. मॉरिशसमध्ये हे सांगितलं की लोक सरबत आणतात. इथे लोकांचा चेहराच पडतो. "आमच्या घरचा चालत नाही का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की कुणी दार उघडलं की मी आधीच पाणी मागून घ्यायचो.

इंग्रजीच्या वर्गात भानुदास येत असे. वय तिशीच्या आत, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. चाकणजवळच्या निघोजे गावचा. कंपनीत तो ठेकेदाराकडून लागला होता. इंग्रजी आलं तर तपासणी विभागात घेतील, कदाचित कायम करतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो वाक्य पाठ करून यायचा आणि चूक झाली की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायचा. चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. अशाच एका गुरुवारी तो म्हणाला, "सर, आज आईने जेवायला बोलवलंय. नाही म्हणायचं नाही."

भर हिवाळ्याचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनर, त्यांच्या पलीकडे कंपन्यांच्या भिंती, आणि दोन भिंतींच्या मध्येच एखादं कांद्याचं हिरवं शेत. भानुदासचं घर अशाच एका, त्याच्याच कंपनीच्या, भिंतीला टेकलेलं. त्याची आई हिराबाई दारात उभी होती. बारीक, ताठ, डोक्यावरून पदर. आधी चहाचाच प्रश्न आला. मी अवघडून नकार दिला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डाक्टरनी सांगितलंय व्हय?"

"नाही मावशी. आमच्या धर्मात नाही."

"मंग ताक घ्या. ताकाला तर काय न्हाई ना?"

ताक झालं, पिठलं-भाकरी झाली, खर्डा (मिरच्या आणि लसूण भाजून केलेला ठेचा) खाऊन तामांगच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हिराबाई पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, वडील म्हणत होते तो मुलुख हाच. मग हात धुवायला मी मागच्या अंगणात गेलो.

अंगण म्हणजे चिखल होता. कंपनीच्या भिंतीतून एक नळ बाहेर आलेला, त्यातून तेलाची झाक असलेलं काळपट पाणी संथपणे पडत होतं, आणि ते थेट गोठ्यात जात होतं. गोठ्यात एक तांबडी गाय विटांच्या ढिगावर अवघडून उभी होती. तिचा एक खूर सुजून फाटला होता. वास असा, की नुकतं जेवलेलं वर यावं.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"झाली की दोन वर्सं," हिराबाई म्हणाली. "आमी ग्येलो सांगायला. म्हन्त्यात, बगू."

भानुदास भिंतीकडे न पाहता बोलला. "हा नळ पुढच्या रस्त्याच्या गटाराला जोडायचा होता. मध्येच सोडून दिला. पाणी आमच्याच जागेत मुरतं, बाहेर कुणाला दिसत नाही. मग जोडतंय कोण?"

"तू तिथेच कामाला आहेस ना? तू का नाही बोललास?"

"म्हणूनच नाही बोललो, सर."

परत येताना बसमध्ये तामांग म्हणाला, "सेवा करायला आलोय ना? मग खणू या."

पुढच्या गुरुवारी आम्ही टिकाव-फावडं घेऊन गेलो. गोठ्याच्या मागून, हिराबाईच्याच बांधाच्या आतून, रस्त्याच्या गटारापर्यंत चर काढायचा. जमीन तिची, परवानगी तिची. भानुदासने आधी हात जोडले. "सर, माझी नोकरी जाईल." आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गोठ्यातून घमेलं घेऊन आली आणि आमच्या शेजारी उभी राहिली. मग तो घरात जाऊन बसला. मुरुमाची जमीन, टिकाव आपटला की हाताला झिणझिण्या यायच्या. दुपारपर्यंत निम्मा चर झाला. तळहात फुटले होते आणि भारतात आल्यापासून मी पहिल्यांदा खूश होतो.

तेवढ्यात मोटार आली. कंपनीचा एक साहेब उतरला, काळा चष्मा, हातात दोन फोन. चर कुठे निघालाय हे त्याने एका नजरेत ओळखलं. तो पूर्ण झाला असता तर उघड्या चरातून ते पाणी कंपनीच्या मोठ्या फाटकासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहिलं असतं. पण तो पाण्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. माझ्या छातीवरची पट्टी वाचली आणि फोन कानाला लावला. अर्ध्या तासात गावातली पंधरा-वीस माणसं गोळा झाली.

"हे लोक धर्म बदलायला आलेत," साहेब त्यांना म्हणाला. "आधी गोड बोलतात, काम करून देतात, मग बघा."

त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांना जे सांगितलं त्यावर विसंबून ती आली होती. एकाने माझ्या हातातलं फावडं हिसकावलं. "ए भावा, कोण तू? कुठला? नाव सांग."

"राघोजी."

"हे आडनाव का नाव?"

"आडनाव. मॉरिशसमध्ये..."

"बघा! परदेशी आहे!" साहेब ओरडला.

माझ्या आत काहीतरी फुटलं. शनिवारच्या वर्गात शिकलेलं सगळं मराठी एकदम तोंडाशी आलं आणि मी त्याच्यावर धावून गेलो. "तो नळ बघा! गाय बघा! धर्माचं नाव काढता आणि गायीला विषात उभं करता? लाज नाही वाटत?" तामांगने मला मागून कमरेत धरलं. धरलं नसतं तर मी त्या माणसाला मारलं असतं. हे मी अभिमानाने सांगत नाही, आणि शरमेनेही नाही.

भानुदास दाराच्या चौकटीत उभा होता. गावकऱ्यांनी त्याला विचारलं, "काय रे, तूच आणलं का यांना?" तो खाली बघत राहिला. त्या क्षणी मला त्याचा साहेबाइतकाच राग आला.

बोलली ती हिराबाई. घमेलं खाली ठेवून ती आमच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये आली.

"आरं, ह्या पोरांनी माज्या घरचा च्या बी घेतला न्हाई, माजा धरम कुटनं घेत्याल? ल्हानपनापासनं वळखता ना मला? या हिकडं, वास घ्या. दोन वर्सं मी ह्यात झोपतीया. तवा कुनी आलं न्हाई गोळा हून. आज आलाव?"

कुणीतरी मागे हसलं. दोघेतिघे खरंच गोठ्यापर्यंत गेले आणि नाकाला रुमाल लावून परत आले. ज्याने फावडं हिसकावलं होतं त्याने ते भिंतीला टेकवून ठेवलं. माणसं पांगली. पण साहेब जाता जाता म्हणाला, "यांच्या व्हिसाचं बघतो मी."

हीच धमकी आमच्या लोकांना पुरली. संध्याकाळी आमच्या वरिष्ठांचा फोन आला. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्यावर साऱ्या मुलांची जबाबदारी असते, हे मला कळतं. "निघोज्याला पुन्हा जायचं नाही," ते म्हणाले. "आपण भांडणात पडत नाही."

"पण चर अर्धा राहिलाय."

"एल्डर राघोजी, आपण इथे पाहुणे आहोत."

ते दिवस मी कसे काढले ते तामांगला विचारा. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांसमोर तो नळ यायचा. मी देवाशीच भांडत होतो. मला सदरे, टाय, पट्टी घालून इतक्या लांब आणलं ते खुर्च्या लावायला का? भानुदास वर्गाला येईना. मला वाटलं, तोंड लपवतोय.

मग एका संध्याकाळी तो सभागृहाच्या फाटकाशी दिसला. आत येईना. अंगावर निळा शर्ट नव्हता.

"झाला चर," तो म्हणाला.

"कुणी केला?"

"मी. आणि शिफ्टमधले चौघे. गुरुवारी केला, कंपनीचे शर्ट घालूनच. म्हटलं, आता कुणाला परदेशी म्हणतील?" तो हसला. "पाणी गेलं की डायरेक्ट मेन गेटसमोर! तिकडून मोठ्या लोकांच्या गाड्या जातात. आठ दिवसांत कंपनीने पाइप टाकला, सर. स्वतःच्या खर्चाने, जमिनीखालून थेट गटारात. गोठा वाळतोय."

मी त्याला मिठी मारली. मग विचारलं, "आणि शर्ट?"

"सोमवारी ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नको. बाकीच्यांना ठेवलंय. मलाच काढलं."

"आणि तू गप्प बसलास?"

पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तुम्ही जाल हो परत विमानाने! मला इथेच काम शोधायचंय. अख्ख्या चाकणमध्ये सगळे ठेकेदार एकमेकांना ओळखतात." मग हळू आवाजात, "पण आई आता मला जेवायला वाढताना बोलते. मधे बोलत नव्हती."

त्याला दुसरीकडे काम मिळायला बरेच आठवडे लागले. आधीच्यापेक्षा लांब आणि आधीच्यापेक्षा वाईट. तपासणी विभाग राहिलाच. इंग्रजीची पाठ केलेली वाक्यंही त्याने सोडून दिली. पाइप टाकल्यावर त्या साहेबाने गावात पेढे वाटले म्हणे, कंपनीने गावासाठी केलेलं काम म्हणून.

पुढे माझी बदली दुसऱ्या शहरात झाली. तिथे चांगली माणसं भेटली, समुद्रही भेटला, पण त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

घरी परतल्यावर पहिल्या रविवारी प्रार्थनासभेत मला बोलायला उभं केलं. ही आमची पद्धत. परतलेल्या मुलाने अनुभव सांगायचे, लोकांनी डोळे पुसायचे. समोर आईवडील, शेजारी, लहानपणापासून ओळखणारे सगळे. मी नळ सांगितला, गाय सांगितली, हिराबाईचं वाक्य सांगितलं तेव्हा सगळे हसले. भानुदासचा शर्ट सांगितला तेव्हा कुणी हसलं नाही.

पहिल्या बाकावरच्या एका वृद्ध बंधूंनी प्रेमाने विचारलं, "बाळ, दोन वर्षांत तुझ्यामुळे किती जण आपल्यात आले?"

"एकही नाही."

"हरकत नाही. त्या अधिकाऱ्याला तरी तू मनातून क्षमा केलीस ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. सगळे त्याचीच वाट पाहत होते, वडील तर मान हलवून मला सुचवत होते.

"नाही," मी म्हणालो. "त्याने ती मागितलेली नाही. आणि मागायची झाली तर माझ्याकडे नाही, निघोज्याला जाऊन मागावी लागेल."

मी खाली उतरलो. आईने बाकावर सरकून मला जागा करून दिली, आणि सभा संपेपर्यंत माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.