दोनदा नवं झालेलं घड्याळ

गंगापूर रोडवर माझं छोटं दुकान होतं. घड्याळं दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण जुनी केस घासून, बफ मारून नव्यासारखी करायची असली की लोक माझ्याकडे येत.

सत्तरच्या दशकात नवं घड्याळ मागितल्यावर लगेच मिळत नसे. जवळच्या शाळेतल्या गुरुजींनी होणाऱ्या जावयाला घड्याळ कबूल केलं होतं. नाव नोंदवूनही ते येईना. लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून माझ्यापुढे ठेवलं.

"मिस्तरी, हे नवं करा. जावयाला कळलं तर मात्र माझी मान खाली जाईल."

मी घड्याळाचं मशीन केसमधून बाहेर काढलं. बारीक पॉलिश पेपरने केसचे ओरखडे उतरवले, मग ती बफावर धरली. थोड्या वेळाने तिच्यात माझं नाक दिसू लागलं! पट्टा अडकतो त्या कानावर एक पोचा होता, शाळेची घंटा देताना पडलेला. तो पूर्ण घालवला असता तर कानच झिजला असता, म्हणून राहू दिला. काच नवी, पट्टा नवा, डबीही नवी. लग्नात गुरुजी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून मिरवत होते. घड्याळ काढल्यावर मनगटावर उरलेला पांढरा पट्टा झाकायचा होता ना!

महिन्याभराने जावई पट्ट्याला भोक पाडून घ्यायला आला. देवळ्याचा, कांद्याच्या व्यापारातला हसरा गडी.

"काका, लय भारी हाय. नवं कोरंच ना?"

"शप्पथ," मी म्हणालो.

काही वर्षांनी तो पुन्हा आला आणि त्याने मला मागचं झाकण उघडायला लावलं. घड्याळ दुरुस्त केलं की आम्ही कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि साल कोरतो. रोज असल्या खुणा पाहणाऱ्या माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. खूण माझी, गुरुजींचं घड्याळ पूर्वी दुरुस्त केलं तेव्हाची, आणि साल लग्नाच्या आधीचं.

माझे कान तापले. तो मात्र खो-खो हसत सुटला.

"आमच्या देवळ्याच्या घड्याळवाल्यानं कवाच दाखवलं मला. मामांचं हाय हे, लग्नापासनं त्यांचं मनगट रिकामंच हाय. आता मामा रिटायर होणार. जुनं म्हणून परत दिलं तर त्यांना लाज वाटंल. परत नवं करा. त्यांना कळलं नाय पायजे, शप्पथ हाय तुम्हाला!"

या वेळी मी आतली खूणही पुसली.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी गुरुजी दुकानात हजर. कानावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मिस्तरी, घंटेचा हा मार माझ्या ओळखीचा आहे."

मी मान खाली घातली.

"त्याला सांगू नका हं. एवढं लपवून आणलंय पोरानं!" घड्याळाला चावी देत, शीळ घालत ते निघून गेले.

गुरुजी आता नाहीत. जावई भेटला की अजून टाळी मागतो, "काका, मामांना शेवटपर्यंत कळलं नाय!" मी टाळी देतो, पण मग मला जेवण गोड लागत नाही.

जावईबापू, कळलं होतं. त्या दिवशी गुरुजींना शीळ घालताना मी पहिल्यांदा ऐकलं.